सातची हजेरी

९ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजी,

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुमचे दादा गेले. झोपेत नाही, जागे होते. पाणी पाजायला मी चमचा पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टर आठ वाजता आले आणि दाखला लिहून दिला. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते, तिने आणि तिच्या नवऱ्याने गाडी बोलावली. साडेअकराला विद्युतदाहिनीत नंबर लागला. आम्ही पाच माणसं होतो. एक वाजता मी घरी आले, खाटेवरची चादर धुवायला टाकली.

तुमचा फोन नंबर आमच्याकडे नाही. पत्ता तुमच्या रेडिओच्या जुन्या कार्डावर आहे, तोच अजून असेल असं धरून लिहिते. एकोणीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला होता, तेही आम्ही कळवलं नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं चालायचं. त्या बोटाने ते खाटेच्या लोखंडी दांडीवर मोर्समध्ये बोलायचे आणि मी ते ऐकून लोकांना सांगायचे. मालीश करायला येणारा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, "आजोबांना बोटाचा चाळा लागलाय वाटतं." मी म्हटलं, "चाळा नाही. हळू चोळ गाढवा, असं म्हणताहेत." तो हसला आणि हेही अर्ध्या तोंडाने हसले. चहात साखर कमी पडली की दांडी जोरात वाजायची.

मोर्स तुम्हीच मला शिकवलंत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरात, ताटलीवर चमचा वाजवून. तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात आणि हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार होतात. मिनिटाला बारा शब्द यायला हवेत म्हणून तुम्हाला ऐकणारं कोणी तरी हवं होतं. सासूबाई म्हणायच्या, "ताटली फुटेल तेव्हा कळेल." तो चमचा अजून आहे.

बाकी इथे ठीक. पत्र उद्या सकाळी टाकते.

वहिनी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजी,

सोमवारचं पत्र टाकलेलं नाही. ते टेबलाच्या खणात आहे. का टाकलं नाही ते लिहिते.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी सवयीने यांचा रेडिओ सेट लावला. घड्याळजींनी नेहमीप्रमाणे हजेरी सुरू केली. तो माणूस घड्याळं दुरुस्त करतो आणि सातला एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. एकेकाचं परवान्यावरचं कॉलसाइन पुकारतो, ज्याने त्याने आपली शेवटची दोन अक्षरं पाठवायची आणि गप्प बसायचं. अकरा माणसं, अकरा गावं. तुम्ही दोघे भाऊ सोडलात तर तीस वर्षांत कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. यांचं कॉलसाइन पुकारलं गेलं आणि मी मोर्सची कळ दाबली. हजर.

आता हे तुम्हाला खोटं वाटेल, पण दोन वर्षं मी रोज हेच करत होते. सेट खाटेशेजारी ओढून घेतला होता. नाव पुकारलं की हे दांडीवर दोन अक्षरं वाजवायचे आणि तीच मी कळीवर पाठवायचे. परवानेवाला माणूस शेजारी असला की दुसऱ्याने कळ दाबलेली चालते, असं यांचं म्हणणं. मोर्स पाठवणाऱ्याचा हात सहीसारखा ओळखू येतो हे तुम्हाला सांगायला नको. घड्याळजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हात बदलला का?" यांनी मला वाजवून सांगितलं की पाठव, उजव्या हाताला संधिवात, डाव्याने पाठवतो आहे. आणि झटक्याचं कोणाला सांगू नकोस. तेव्हापासून माझा हात म्हणजे यांचा डावा हात झाला. सगळ्यांच्या कानाला त्याची सवय झाली. तुमच्याही झाली असेल. तुम्ही रोज यांच्यानंतर दोन नावं सोडून हजर असायचात.

मंगळवारी हात सवयीने गेला असं मी स्वतःला सांगितलं. बुधवारी सांगितलं की आज कळवायचं होतं, पण घड्याळजी घाईत होते. आज मात्र हजेरी संपली आणि निरोपांसाठी असतात ती पाच मिनिटं सुरू झाली, तेव्हा तुमचं कॉलसाइन आलं. एकोणीस वर्षांत तुम्ही या पाच मिनिटांत कधी यांच्या नावाने काही पाठवलं नव्हतं. तुम्ही पाठवलंत, "दादा, कसा आहेस?"

कोणी मध्ये आलं नाही. बाकीचे सगळे जण थांबले होते, ते मला हेडफोनमध्ये कळत होतं. नुसती खरखर चालली होती.

मी पाठवलं, "बरा."

चार दिवस आधी विचारलं असतंत, भाऊजी. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त चार दिवस.

वहिनी

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊजी,

घराबाहेर फारशी जात नाही. सकाळी साडेसहाला उठून सेट तापवायचा, सातला हजेरी, मग दिवसभर उद्याच्या हजेरीची धास्ती. आज खालची शिवणवाली डबा घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"काकू, एक विचारू? रागावायचं नाही."

"विचार."

"काका गेले, पण सकाळची ती टकटक चालूच आहे. आमचे हे म्हणतात, यंत्र बंद करायचं राहिलं असेल. मी म्हटलं, काकूच वाजवत असतील. जीव रमत असेल."

"जीव रमत नाही. रोज हजेरी असते."

"कोणाची? काकांची?"

मी तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमचा थोरला कॉलेजात मित्राची हजेरी लावायचा. सरांनी दोघांनाही वर्गाबाहेर काढलं." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. "पण तुमचं वेगळं आहे," म्हणाली. डब्याचं झाकण तिने दोनदा दाबून बसवलं आणि गेली.

वेगळं काही नाही. तिला बरोबर कळलं आहे.

बुधवारी तुम्ही जे पाठवलंत ते मी लॉगबुकात उतरून घेतलं आहे. तुम्ही पाठवलंत, "त्या दिवशी चूक माझीही होती. मी तातडी म्हणायला हवं होतं. तू मला ओळखून घेशील असं धरून बसलो. माफ केलंस का?"

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. मला जेवढं आठवतं ते लिहिते, म्हणजे आपण एकाच दिवसाबद्दल बोलतो आहोत हे कळेल. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या वादळात टेलिफोन बंद पडले होते. हे एकतीस तास सेटवर होते. सगळ्या गावांचे निरोप यांच्यामार्फत जात होते आणि कोणाचा आधी, कोणाचा नंतर हे यांनी ठरवायचं, बाकीच्यांनी पाळायचं. तुम्ही तुमचा सेट बॅटरीवर चालवून इस्पितळाच्या तळमजल्यावर बसला होतात. सासूबाई वरच्या मजल्यावर होत्या. त्यांची तब्येत इतकी बिघडली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही हाक दिलीत, निरोप आहे म्हणालात. यांनी "थांब" पाठवलं. तुमचा चौथा नंबर लावला. तुम्ही थांबलात. एक तास पन्नास मिनिटं. मग यांनी तुमचं कॉलसाइन पुकारून "आता बोल" म्हटलं, तेव्हा तुम्ही पाठवलंत, "आता काही निरोप नाही."

तुम्हाला यांच्याकडून एक वाक्य हवं होतं, आई जायच्या आधी वर जाऊन तिला सांगायला. हे आम्हाला महिन्याने दुसऱ्यांकडून कळलं.

तर बुधवारी तुम्ही विचारलंत, माफ केलंस का.  घड्याळजींनी वेळ संपल्याचं सांगितलं नाही, वेळ संपली होती तरी.

मी पाठवलं, "केलं."

हे मी कोणत्या अधिकाराने पाठवलं ते मला माहीत नाही.

वहिनी

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊजी,

तुम्ही आज कळवलंत की चौदा मार्चच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. घड्याळजींनी स्वतःहून पाठवलं, "तीस वर्षांतली सगळ्यात चांगली हजेरी." तो माणूस आजवर हवामानाच्या पलीकडे फारसं काही बोललेला नाही. मग एकामागून एक सगळ्यांनी त्र्याहत्तर पाठवलं. आपल्या लोकांत शुभेच्छांना त्र्याहत्तर म्हणतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं आणि मी विचारलं होतं, "बहात्तर का नाही?" मीही यांच्या हाताने त्र्याहत्तर पाठवलं. मग हेडफोन काढून ठेवला.

पंधरा दिवस उरले आहेत. तुम्ही जिना चढून याल, बेल वाजवाल, मी दार उघडेन. मग काय? खाट अजून आहे. दांडीवर बोटाच्या जागी रंग उडाला आहे. तुम्हाला काय दाखवू, दांडी?

खणात तीन पत्रं झाली. आज ती पुन्हा वाचली. त्यांत मी दोन ठिकाणी पूर्ण खरं लिहिलेलं नाही. ते आता लिहिते. नाही तर सगळंच फाडावं लागेल.

पहिलं. मंगळवारपासून हजेरी दिली असं मी लिहिलं आहे. ते खरं नाही. सोमवारी दिली. सहा दहाला हे गेले. मला ते कळलं होतं, मी नाडी पाहिली, आरसा धरला. डॉक्टरांना फोन करायला उठले आणि साडेसहा झाले म्हणून सेट लावला. सातला यांचं नाव पुकारलं गेलं. हे माझ्या डाव्या हाताला चार फुटांवर होते, तोंडावर पांघरूण ओढलेलं नव्हतं. मी क्षणभर दांडीकडे पाहिलं, वाजते का म्हणून. मग मी पाठवलं. लॉगबुकात वेळ लिहिली, सात वाजून चार मिनिटं. त्यानंतर डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आठला का आले, त्याचं कारण हे आहे. त्यांनी विचारलं, "लवकर का नाही बोलावलंत?" मी म्हटलं, "फोन लागत नव्हता."

दुसरं. वादळाच्या दिवशी मी काय करत होते ते मी लिहिलं नाही. मी यांच्या शेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते आणि लॉग लिहीत होते. यांनी तुम्हाला "थांब" पाठवल्यावर तुम्ही पुन्हा एकदा कळ दाबलीत. तुमचा आवाज क्षीण होता आणि त्याच्यावर दुसरं एक जोरदार स्टेशन बसलं होतं. यांनी त्याला उत्तर द्यायला सुरुवात केली. यांना तुमचं ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मला आलं. तुमचा हात मला पाठ होता, ताटलीवर ऐकलेला. तुम्ही इंग्रजी अक्षरांत "आई" पाठवलंत. दोनदा.

मी लॉगबुकात समासात पेन्सिलीने लिहिलं, "आई." यांच्या दंडाला हात लावायचा होता. नाही लावला. हे म्हणाले होते, मध्ये बोलू नकोस, एक शब्द चुकला तर मदतीची होडी चुकीच्या गावाला जाईल. ते खरं होतं. त्या वेळी एका गावाला औषधं पोचवायचा निरोप चालला होता, तेही खरं. पण दोन निरोपांच्या मध्ये हे पाणी प्यायचे. तेव्हा सांगता आलं असतं. दोनदा प्याले.

सासूबाई आमच्या घरातून तुमच्याकडे राहायला गेल्या त्या माझ्याशी भांडून. शेवटची चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्यामुळे मी गप्प बसले असं मी म्हणत नाही. त्यामुळे नाही, असंही म्हणता येत नाही. मला वाटलं, म्हातारीने काही तरी सांगितलं असेल, थांबेल अर्धा तास. एवढंच वाटल्याचं आठवतं.

महिन्याने कळलं तेव्हा मी तो शब्द खोडून टाकला. पण पेन्सिल दाबून लिहिलेली होती. पान उजेडात तिरकं धरलं की अजून दिसतो.

एकोणीस वर्षं हे समजत होते की तुम्ही काही सांगितलंच नव्हतंत. आणि तुम्ही समजत होतात की यांनी ऐकून थांबवलं.

वहिनी

२ मार्च, सोमवार

भाऊजी,

आजची हजेरी मी दिली नाही.

सगळी पत्रं एका पाकिटात घालून रजिस्टर करते आहे. पोस्टातल्या माणसाने चार दिवस सांगितले आहेत. म्हणजे गाडीच्या आधी तुम्हाला मिळतील. घड्याळजींनाही वेगळं कार्ड टाकते. त्यात फक्त तारीख आणि वेळ लिहिली आहे, आणि शेवटचे एकवीस दिवस मी परवान्याशिवाय यांचं कॉलसाइन वापरलं, एवढं. त्यांना वरती कळवायचं असेल तर कळवू देत.

अठरा तारखेच्या बुधवारी तुम्ही माफी मागितलीत आणि मी "केलं" पाठवलं, तो शब्द परत घेते. तो यांचा नव्हता. यांनी तुम्हाला माफ केलं होतं का, हे मला माहीत नाही. कधी बोलले नाहीत, दांडीवरही नाही. जे पाहिलं ते सांगते. झटक्यानंतर रोज हजेरीत आपलं नाव झालं की हे डोळे मिटून पडायचे, पण बोट वर धरलेलं असायचं. दोन नावांनंतर तुमची दोन अक्षरं आली की मग बोट खाली ठेवायचे. मागच्या पावसाळ्यात तुम्ही चार दिवस गैरहजर होतात, तेव्हा चारही दिवस बोट ठेवलं नाही. मीच धरून खाली ठेवलं. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी यांच्या वतीने आता काही ठरवणार नाही.

माफी तुम्ही मागायची नव्हती. मी मागायची होती. ती या पत्रात मागते आहे. कळीवर मागता येत नाही, तिथे माझं नाव नाही.

लॉगबुकाचं पान फाडून पाठवावं असं मनात आलं होतं. पण लॉगबुकाचं पान फाडायचं नसतं. आलात तर बघा. नाही आलात तर मी समजेन.

वहिनी

१० मार्च, मंगळवार

भाऊजी,

तुम्हाला पाकीट शुक्रवारी मिळालं असणार. त्याआधी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मंगळवारी आणि बुधवारी यांच्या नावाला उत्तर आलं नाही तेव्हा तुम्ही "दादा?" असं विचारलंत. मी सेटसमोर होते. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. शनिवारपासून तुम्हीच हजेरीला नव्हतात. रविवारी नाही, काल नाही. मी रोज ऐकत होते. ऐकायला परवाना लागत नाही.

आज घड्याळजींनी सात वाजता हजेरी सुरू करण्याआधी पाठवलं की एक कळ थांबली आहे, आपल्या लोकांत कोणी गेलं की असंच म्हणतात. मग यांचं कॉलसाइन तीन वेळा पुकारलं, मध्ये तेवढाच वेळ सोडून. तिसऱ्यांदा माझं बोट कळीवर होतं. कधी गेलं मला कळलं नाही. मी ते उचललं. मग एक मिनिट कोणी काही पाठवलं नाही. पूर्ण साठ सेकंद, घड्याळजी आहेत ते.

मग बाकीची नावं. तुमचं आलं आणि तुम्ही हजर होतात.

पाच मिनिटांच्या वेळात तुम्ही कळ दाबलीत. तुम्ही दादांबद्दल काही पाठवलं नाही. तिकिटाबद्दलही नाही. तुम्ही पाठवलंत, "वहिनी, ऐकताय?"

थोडं थांबलात. पुन्हा तेच. तीन वेळा. फार हळू पाठवलंत, सुरुवातीला ताटलीवर शिकवायचात तेवढं हळू, एकेक अक्षर सुटं. घड्याळजींनी अडवलं नाही.

मला उत्तर देता येत नव्हतं. देणं बरोबरही नव्हतं. म्हणून पत्राने देते, तुम्हाला मिळायला चार दिवस लागतील. तोवर कदाचित तुम्ही गाडीत असाल किंवा घरीच असाल, मला कळायचा मार्ग नाही.

ऐकते आहे. तुमचं "आई"ही ऐकलं होतं.

सात वाजून एकोणीस मिनिटांनी घड्याळजींनी बंद केलं. मी लॉगबुकात वेळ लिहिली. सेट बंद केला आणि तो थंड होईपर्यंत बसले. मग पूर्वी रोज हे करायचे तसं एरियलची वायर सेटमागून सोडवली, खिडकीबाहेर घेतली आणि खिळ्याला अडकवली. वीज पडली तर घरात येऊ नये म्हणून.

वहिनी